गोदामात जोडीदार कसा मिळतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातल्या एका गावचा मुलगा. अठरा पूर्ण झालीत, बारावीची परीक्षा दिलीय. निकाल लागेपर्यंतच्या सुट्टीत कुपवाड एमआयडीसीतल्या एका गोदामात दोन महिने इंटर्न म्हणून लागलाय. गोदामात हळद आणि बेदाणा, शेजारीच कोल्ड स्टोरेज. बरोबर आणखी चौघं आहेत, सगळे सांगलीतल्या एकाच कॉलेजचे. ते एकत्र जेवतात, एकत्र चहाला जातात आणि हा एकटा पडतो. तो लिहितो, "चौघं मिळून जेवढे बॉक्स काढतात त्याच्या निम्मे मी एकटा काढतो. सुपरवायझर सगळ्यांसमोर माझं कौतुक करतात. तेव्हापासून ते जास्तच लांब गेलेत. यांच्याशी मैत्री होण्यासाठी काय करू? का आपलं काम करून गप घरी जाऊ?"

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. मिरज-कुपवाड भागातल्या गोदामांत मी वीस वर्षांहून जास्त काढलीत. आधी आवक-जावक रजिस्टर लिहायला होते, आता स्टॉकची जबाबदारी माझ्यावर असते. दर उन्हाळ्यात सुट्टीतली मुलं-मुली माझ्या हाताखाली येतात आणि तुझ्या जागी असलेला एक तरी त्यांत असतोच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते बोलत नाहीत ही तुझी अडचण आहे असं तू म्हणतोस. मला तुझ्या लिहिण्यात वेगळंच दिसलं. त्यांच्यातल्या एकेकाच्या दुप्पट वेगाने तू माल काढतोस, हे तू अभिमानाने लिहिलंयस. तो अभिमान साहजिक आहे. पण त्या मालाचं पुढे काय होतं हे एकदा थांबून बघ. गोदामातलं काम साखळीचं असतं. एक जण थप्पीवरून बॉक्स काढतो, दुसरा लॉट नंबर, म्हणजे कोणाचा माल ते सांगणारा नंबर, जुळवतो, तिसरा वजन आणि लेबल बघतो, चौथा पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळीवर, रचतो आणि शेवटी चलनावर, म्हणजे मालाबरोबरच्या पावतीवर, टिक होते. पहिला जर दुप्पट पळाला तर गाडी काही दुप्पट लवकर भरत नाही. दुसऱ्याच्या पुढ्यात ढीग साठतो, एवढंच होतं. त्याची घाई होते, एखादा नंबर चुकतो आणि त्या कागदावर सही त्याची असते. तुला मिळालेली शाबासकी आणि त्याला बसलेली बोलणी एकाच ढिगातून आलेली असतात. तुझ्या हे लक्षात आलेलं नसेल, पण त्याच्या आलेलं असतं.

सुपरवायझर वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. "बघा, हा कसा पळतो" हे वाक्य बहुतेक जण सहज बोलून जातात. मीही सुरुवातीची काही वर्षं बोलायचे. पाच मुलांत एकाला वर काढलं की उरलेले चौघं जोर लावतील असं वाटायचं. तसं व्हायचं नाही. चौघं एक व्हायचे आणि पाचवा उघड्यावर पडायचा. आता मी कौतुक जोडीचं करते, एकट्याचं करत नाही.

आता, यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला इथून दिसत नाही. तुमच्या जोड्या सुपरवायझर लावतात की ज्याला जे दिसेल ते काम करायचं अशी पद्धत आहे? पाचही जणांना स्टायपेंड सारखाच आहे का? ते चौघं नुसते आपल्यात रमलेले आहेत की तुला मुद्दाम टाळतात? यांत फार फरक आहे. तुझ्या बोलण्याच्या ढंगावरून, आडनावावरून, जातीवरून कोणी टोचून बोलत असेल, तर मी पुढे लिहिते ते त्याला लागू नाही. ते सरळ इन्चार्जच्या कानावर घालायचं. तिथे मैत्री जमवणं हे तुझं काम नव्हे. तुझ्या लिहिण्यात तसं काही नाही, म्हणून ते रमलेले आहेत असं धरून पुढे जाते.

गोदामात ओळख गप्पांतून कमी आणि मोजणीतून जास्त होते. हे मला कसं कळलं ते सांगते.

२००४ सालचा उन्हाळा. मी एस. वाय. बी. कॉम.ची परीक्षा देऊन सांगलीत एका बेदाण्याच्या गोदामात दोन महिन्यांसाठी लागले होते. रोज गावाहून एसटीने यायचे. बरोबर तिघी-चौघी होत्या, सगळ्या सांगलीतल्या, एकमेकींना शाळेपासून ओळखणाऱ्या. मी पण तुझ्यासारखंच ठरवलं होतं, कामाने दाखवून देऊ. मोजणीला जोडीने जायचं असा तिथला नियम होता. एक जण आकडा बोलतो, दुसरा लिहितो. मी एकटी जायचे, कारण एकटीने पटकन व्हायचं.

एके दिवशी एक थप्पी मोजली. समोरून सहा, आत पाच, म्हणजे एका थरात तीस. उंचीला बारा थर. तीनशे साठ लिहून मोकळी झाले. त्या थप्पीच्या मागच्या कोपऱ्यात इमारतीचा खांब होता. खांबाने प्रत्येक थरातली एका बॉक्सची जागा खाल्लेली. म्हणजे बॉक्स होते तीनशे अठ्ठेचाळीस. समोर उभं राहून खांब दिसत नव्हता, त्यासाठी भिंतीकडच्या बोळातून मागे जावं लागलं असतं. संध्याकाळी गाडी भरताना बारा बॉक्स कमी पडले. पंधरा किलोचा एक, म्हणजे एकशे ऐंशी किलो बेदाणा कागदावर आहे आणि जागेवर नाही. गोदामात अशा वेळी पहिला संशय चोरीचा येतो आणि तो हमालांवर जातो. तो जाताना मी बघितला. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्या मुलींपैकी जी माझी जोडीदारीण व्हायची होती, ती पुढे आली आणि म्हणाली, "मोजणी आम्हा दोघींची आहे. आम्ही परत मोजतो." ती मोजणीला माझ्याबरोबर नव्हतीच. तरी ती बोळातून मागे गेली आणि तिथून ओरडली, "अगं, इकडे खांब आहे!" सगळा हिशेब जुळेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले. माझी शेवटची एसटी गेली होती. तिने मला खणभागातल्या तिच्या घरी नेलं. तिच्या आईने भाकरी आणि पिठलं वाढलं. महिनाभर आम्ही एका छपराखाली काम करत होतो, पण तिचं घर कुठे आहे हे मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे जाऊन सांगितलं की मोजणी माझी एकटीची होती. हमालांचे मुकादम समोरच होते, त्यांच्यापुढेच बोलले. ते मला झेपलं कारण आदल्या रात्री कोणीतरी माझ्या बाजूने उभं राहिलं होतं. त्यानंतर मला कधी एकटीने डबा खावा लागला नाही.

म्हणून तुझ्यासाठी पहिली गोष्ट: मोजणीला, लॉट जुळवायला, कोल्डमध्ये जायला जोडीदार माग. "मला मदत लागेल" असं म्हणून माग. चौघांत एकदम शिरायला जाऊ नकोस. चौघांचं टोळकं भिंतीसारखं वाटतं, पण ते चार वेगवेगळे जण असतात. त्यांतला जो मागे राहून चपला घालतो, ज्याचा मोबाईल कमी चालतो, जो हमालमामांना स्वतःहून नमस्कार करतो, त्याच्यापासून सुरुवात कर. सुपरवायझरना सांग, "सर, या आठवड्यात स्टॉकच्या मोजणीला मला याच्याबरोबर द्या, लिहिण्यात माझी चूक होते." चूक होत नसेल तर तसं सांगू नकोस, खरं कारण सांग. उदाहरणार्थ, तुला रजिस्टरची किंवा एक्सेलची सवय नसेल आणि त्यांना असेल. कॉलेजच्या मुलांना ती बहुतेक असते. शिकवायला सांगितलं की माणूस जवळ येतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

मोजणीत एक वेगळी गंमतही आहे. बोलणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा ठेका जुळावा लागतो. आमच्याकडचे जुने मापाडी "एक" म्हणत नसत, पहिल्या मापाला "लाभ" म्हणून सुरुवात करायचे, मग दोन, तीन. ऐकणाऱ्याला त्यावरून कळायचं की नवी मोजणी सुरू झाली. दोघांनी असा काहीतरी आपला ठेका बसवला की अर्ध्या तासात एकमेकांच्या आवाजाची सवय होते. लिहिणाऱ्याने "परत बोल" म्हटलं तर चिडायचं नाही. आणि आकडा पुसट वाटला तर रेटायचं नाही, परत मोजायचं. ज्याच्याबरोबर तू तीन थप्प्या न चिडता परत मोजल्यास, तो जेवायला आपोआप शेजारी बसतो.

दुसरी गोष्ट वेगाची. वेग कमी कर असं म्हणत नाही, तो पुढच्याच्या वेगाशी जुळव. पंधरा-वीस बॉक्स काढलेस की मागे वळून बघ. ढीग साठलाय? मग काढणं थांबव आणि लॉट जुळवायला हात लाव. यात कामचुकारपणा अजिबात नाही, उलट गाडी लवकर भरते. पुढच्या वेळी सुपरवायझर सगळ्यांसमोर तुझं नाव घेतील तेव्हा एवढंच म्हण, "सर, नंबर त्याने जुळवले, म्हणून झालं." ते खरं असेल तरच म्हण. खोटं श्रेय समोरच्याला लगेच कळतं आणि ते त्याला टोचतं.

तू द्राक्षाच्या गावचा आहेस, हे तुझं बळ आहे. त्या चौघांना बेदाणा बॉक्समध्ये दिसतो. तुला तो शेडवर वाळताना दिसलाय. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, द्राक्षं द्रावणात बुडवून जाळ्यांवर सावलीत वाळवतात, त्या दिवसांत अवकाळीचा ढग आला की घरात कोणाला झोप लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. बॉक्सवर लॉट नंबर असतो, तो एका शेतकऱ्याचा असतो. दोन लॉट एकमेकांत मिसळले तर त्याच्या वर्षाच्या कष्टाचा भाव दुसऱ्याच्या मालाच्या प्रतीवर ठरतो. हे तुला आतून माहीत आहे. पण शिकवायच्या सुरात नको. एखादा बॉक्स हातात असताना, कोणी विचारलं की सांग. मागे एका मुलाने चहाच्या वेळी बॉक्सवरचं गावाचं नाव वाचलं आणि सहज म्हणाला, "हे माझ्या मामाचं गाव." त्यानंतर बाकीचे प्रत्येक लॉटवर कोणाचं गाव निघतंय ते शोधायला लागले. लॉटच्या चुका त्या आठवड्यात जवळपास बंद झाल्या.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. डबा उचल आणि जाऊन बस. "बसू का?" विचारलंस की त्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देताना माणूस अवघडतो. एखादे दिवशी भडंग ने, मधे ठेव. रोज नेऊ नकोस आणि रोज चहाचे पैसेही भरू नकोस. पैशाने जमवलेली सोबत पैशाच्या हिशेबावरच मोडते. उधारी तर नकोच, दोन्ही बाजूंनी नको.

आता जे मला सगळ्यात काळजीचं वाटतं ते. एकट्या पडलेल्या मुलासमोर जवळ यायची एक सोपी वाट नेहमी उघडी असते: चुकीत सामील व्हायचं. फुटलेल्या बॉक्समधून मूठभर बेदाणा. थप्पीमागे तासभर झोप आणि "कोणी आलं तर सांग" म्हणून तुला पहाऱ्यावर बसवणं. हायड्रोलिक ट्रॉलीवर उभं राहून घसरत जाणं. फोर्कलिफ्टच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या गाडीच्या, काट्यांवर चढून रील काढणं. न मोजता कालचाच आकडा उतरवणं. यातलं काहीही केलंस तर ते लगेच तुला आपला म्हणतील. आणि या दिवसांत तुला तेच ऐकायची घाई आहे, ते मला कळतं.

तरी यात जाऊ नकोस. बेदाण्याची मूठ लहान वाटते, पण बॉक्सचं वजन घटतं आणि संशय शेवटी हमालांवर जातो. त्यांतल्या प्रत्येकाच्या पाठीवर एक घर आहे. न मोजलेल्या आकड्याचं काय होतं ते मी भोगलंय. आणि फोर्कलिफ्टच्या काट्यांवर माणूस कधीही, कोणत्याही कारणाने चढत नाही. ती लिफ्ट नाही. तिथून पडलेल्या माणसाला मी दवाखान्यात नेलंय. त्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

नाही म्हणायची एक रीत आहे. "मी यात नाही," एवढं बोलायचं आणि तिथेच काम करत राहायचं. उपदेश करायचा नाही, लगेच तक्रारीला पळायचं नाही, तोंड पाडून निघूनही जायचं नाही. पहिल्या वेळी ते हसतील. दुसऱ्या वेळी त्यांतला एखादा तुझ्यामागे उभा राहील, कारण त्यालाही ते नको असतं आणि पहिलं कोणी बोलायची तो वाट बघत असतो. फक्त जिथे कोणाच्या जिवाला धोका आहे, तिथे थांबायचं नाही. इन्चार्जना त्याच क्षणी सांगायचं. मैत्री गेली तरी चालेल.

कोल्ड स्टोरेजच्या बाबतीत तर जोडी हा नियमच धर. बाहेर एप्रिल-मेचं ऊन, चाळिशीला टेकलेलं, आणि आत चार-पाच अंश. एकटा गेलास, दार लागलं, कोणाला माहीत नाही, असं होता कामा नये. आत एक असेल तर बाहेर एकाला ठाऊक असलं पाहिजे, आणि तुम्ही तर नवीन, म्हणून दोघांनीच जायचं. जॅकेट कमी असतील तर पाळी लावा. मी बघितलंय, जॅकेटची अदलाबदल करणारी मुलं आठवड्याभरात एकमेकांना टोपणनावाने हाक मारायला लागतात.

हे जोडीचं शास्त्र आपल्या भागात जुनं आहे. हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेली. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली बरीच निकामी झाली. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नाही. आतली हवा कोंडलेली असते, ती मोकळी होऊ द्यावी लागते. आणि उतरणाऱ्याच्या भरवशाला वर माणूस उभा लागतोच. एखाद्या रविवारी त्या चौघांना म्हण, "हरिपूरला चला, हळद पूर्वी कुठे ठेवायचे ते बघू." कृष्णा-वारणेचा संगम तिथेच आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे. चौघंही येतील असं नाही. दोघं आले तरी खूप.

हमालांबद्दल एक. पोती वाहणं हे माथाडींचं काम आहे, त्यांच्यासाठी १९६९ चा कायदा आहे, मंडळ आहे. जोश दाखवायला पोतं उचलायला जाऊ नकोस. पाठ जाईल, आणि तू त्यांच्या पोटावर हात ठेवतोयस असंही त्यांना वाटू शकतं. त्यांच्याकडून थप्पी रचायची कशी ते शीक. एक थर आडवा, एक उभा, कोपरे बांधलेले, भिंतीपासून माणूस जाईल एवढं अंतर. हे पाचही जणांनी एकत्र विचारलंत तर उत्तम. गोदामातली जुनी माणसं शिकवायला लागली की शिकणारे पाच जण एकाच वर्गातले होतात, मग कोण कुठल्या कॉलेजचा हे मागे पडतं.

तर सोमवारी एवढंच कर: एक जोडीदार माग, मागे वळून ढीग बघ, डबा घेऊन शेजारी बस. बाकीचं पुढच्या आठवड्यात. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर सुपरवायझरशी एकट्याने बोल आणि जोड्या दर आठवड्याला बदलायला सांग. ते ऐकतील असं मला वाटतं, कारण त्यात त्यांचंही काम सुधारतं. आणि तरीही नाही जमलं, तर गप काम करून घरी जाण्यात काही कमीपणा नाही. दोन महिन्यांत सगळ्यांचं जुळतंच असं नाही. जोडीने मोजायचं मात्र तेव्हाही सोडू नकोस.

सुट्टी संपल्यावर हे टिकतं का, असं तू विचारलं नाहीस, पण माझ्या मुलाने हे वाचून विचारलं. माझ्याबरोबरच्या त्या तिघी-चौघींतल्या दोघींचा आता पत्ताही नाही. खणभागातली ती पुण्याला असते. मार्चमध्ये बेदाण्याची आवक वाढली की तिचा फोन येतो, आणि तब्येत विचारायच्या आधी ती विचारते, "खांब बघितलास का?"